अजगर जेवेपर्यंत

मुलाच्या दहाव्याला हरिहरेश्वरला कावळा इतक्या लवकर शिवला की भटजींचा मंत्रही अर्धाच राहिला. पिंड ठेवून आम्ही पुरते मागेसुद्धा सरलो नव्हतो. तो खडकावरून उतरला, भाताचा घास घेतला आणि उडून गेला. बरोबरच्या माणसांना सुटल्यासारखं झालं. ऊन तापत होतं, गाड्या वर देवळाशी उभ्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "काही मागे राहिलं नाही त्याचं. समाधानानं गेला." माझ्या मनात आलं, इथल्या कावळ्यांना रोजचेच पिंड, कुणाची इच्छा राहिली आणि कुणाची नाही, याच्याशी त्यांना काय करायचंय. आमच्याकडे बायका दहाव्याला जात नाहीत, माझी बायको हट्टाने आली होती. ती त्या उष्ट्या पत्रावळीकडे बघत उभी राहिली. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "काही विचारूसुद्धा दिलं नाही."

मुलगा भाद्रपदात गेला. माणगावहून घरी येत होता, रस्ता ओला होता, समोरून ट्रक आला. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

त्याच्या मागे घरात आम्ही तिघं उरलो: मी, बायको आणि सून. आणि त्याने पाळलेला अजगर.

अजगर म्हटलं की बोकड गिळणारं धूड डोळ्यांपुढे येतं. हा तसा नव्हता. आफ्रिकेतला, बॉल पायथन जातीचा, चारेक फूट लांब, माझ्या मनगटापेक्षा थोडा जाड, काळ्या अंगावर पिवळट तपकिरी डाग. घाबरला की स्वतःभोवती वेटोळं घालून डोकं आत खुपसायचा आणि चेंडू होऊन बसायचा. त्यावरूनच त्याचं नाव. मुलाने नोंदणीचे कागद रीतसर करून घेतले होते. श्रीवर्धनला त्याचं इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं दुकान होतं. दुकानातून आला की हातपाय धुऊन आधी बाजूच्या खोलीत अजगराकडे जायचा, मग चहाला यायचा. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. एखाद्या जिवंत गोष्टीपेक्षा तिच्याविषयी लिहिलेलं मला लवकर कळतं. त्यामुळे अजगराजवळ मी फारसा गेलो नाही, पण मुलगा जेवताना जे सांगायचा ते सगळं ऐकलेलं होतं, आणि त्याच्या सांगण्यात अजगराच्या खाण्याखेरीज दुसरं काही फार नसायचं.

त्या खाण्याच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. त्याला तपकिरी उंदीर लागायचा. पांढरा दिला तर जीभ हलवून वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. का, ते मुलालाही ठाऊक नव्हतं. लहानपणी जे खाल्लं तेच त्याला अन्न वाटतं, असं तो म्हणायचा, आणि आईकडे बघून पुढे, "बाबांना नाही का पापलेट लागतं, सुरमई वाढली की तब्येत बरी नसते." उंदीर नवी मुंबईहून गोठवलेले यायचे, थर्माकोलच्या खोक्यात, बर्फ घालून. बायकोने मासळीच्या फ्रीजमध्ये ते ठेवू दिले नाहीत, म्हणून मुलाने आइस्क्रीमवाल्याकडचा एक जुना छोटा फ्रीझर आणून मागच्या पडवीत ठेवला. माझी थोरली बहीण एकदा ते खोकं उतरताना बघून म्हणाली होती, "हितनं तिकडं बोंबील जातात आन तिकडनं हितं उंदीर येतात. बरा यापार हाय तुमचा."

गोठलेला उंदीर आधी मऊ होऊ द्यायचा. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात धरायचा, तोंडाकडची बाजू जास्त. अजगराच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला ऊब कळते. गार उंदीर त्याच्या लेखी दगड. संध्याकाळी दिवेलागणीला, लांब चिमट्यात शेपटीकडून धरून तो त्याच्यापुढे थोडा हलवायचा. मग एका झटक्यात अजगर तो धरायचा आणि विळखा घालून मेलेल्यालाच पुन्हा मारायचा. विळखा सोडला की डोकं कुठे आहे ते शोधत बसायचा. कधी चुकून शेपटीकडून सुरू करायचा, अर्ध्यावर अडायचा, परत सगळं बाहेर काढून पहिल्यापासून. मुलगा तासभर ते बघत बसायचा. आणि त्या दिवशी सकाळपासून घरात ताकीद असायची: "आई, आज त्याला कोणी हात लावायचा नाही. खायच्या दिवशी हाताळलं की तो रुसतो, मग खात नाही." बायको म्हणायची, "मी कशाला मरायला लावतेय त्याला हात."

दिवसकार्याला पाहुणे आले तेव्हा बाजूची खोली मोकळी करावी लागली. अजगराची काचेची पेटी माजघरात आणली, मग तेराव्यानंतर परत जागेवर नेली. त्यानंतर सुनेने पहिल्यांदा उंदीर दिला तेव्हा त्याने खाल्ला नाही. "जागा हलली की असं होतं," ती म्हणाली. लग्नानंतर मुलाच्या बरोबरीने तिनेच त्याचं सगळं केलं होतं, त्यामुळे तिला काळजी वाटली नाही. पंधरवड्याने परत दिला. तेव्हाही नाही.

माझी थोरली बहीण, ताई, कार्याला म्हसळ्याकडच्या तिच्या गावाहून आली होती ती राहिलीच होती. ती अजगराला अजगर म्हणत नाही, साप तर नाहीच. जुनी माणसं नाव घेत नाहीत. ती त्याला जनावर म्हणते. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सुनेला विचारलं, "जनावरानं खाल्लं न्हाय व्हय कालबी?"

"नाही आत्या. खाईल पुढच्या वेळेला."

"हरेश्वरचा कावळा उपाशी हुता म्हून शिवला," ताई म्हणाली. "त्याला काय इच्छा बिच्छा कळती? पन ह्ये जनावर त्याच्या हातचं खात हुतं. आता खात न्हाय. म्हंजे काय ते समजा."

बायको कपबशा गोळा करत होती, ती थांबली.

"तुझं ते अलिबागचं," ताई सुनेला म्हणाली, "त्याला ठावं हुतं का?"

सून श्रीवर्धनला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करायची. अलिबागला एका मोठ्या दवाखान्यात तिला तशीच पण कायमची नोकरी मिळाली होती. मुलगा असताना दोघांचं ठरलं होतं, तो तिकडे दुकान हलवणार होता. पत्र तो गेल्यावर आलं. रुजू व्हायला दिवाळीनंतरची मुदत होती.

"त्यानेच अर्ज भरला होता, आत्या."

"भरला आसंल. पन तू येकलीच जाशील ह्ये त्याला कुठं ठावं हुतं?" मग थोडं थांबून, "कोन हाय का तिथं?"

"समुद्र आहे," सून म्हणाली.

"त्यो तर हितंबी हाय."

ताईचा नवरा ती पंचविशीत असताना गेला. तेव्हा ती सासरीच राहिली, तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ती दुष्टपणाने बोलत होती असं मला वाटत नाही. पण तिने विषय सोडला नाही. जेवताना तो निघाला, भाजी निवडताना निघाला. शेवटी एका संध्याकाळी सून मुलाच्या फोटोपुढे निरांजन लावत असताना म्हणाली, "ठीक आहे, आत्या. तो जेवेल आणि मग मी निघेन. तोवर नाही. झालं?" तिने ते अगदी सहज म्हटलं. तिला अजगर माहीत होता. आज नाही तर पंधरा दिवसांनी तो खाणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. ताईने त्याच रात्री फोनवरून सगळ्या भावकीत सांगितलं की पोरीने शब्द दिला.

अजगर नंतरच्या वेळीही जेवला नाही. माझ्या मनात संशय यायला लागला तो तेव्हापासून.

मी मुलाच्या संगणकावर त्याने साठवलेलं वाचायला घेतलं. अजगर का खात नाही, याची कारणं लोकांनी पानंच्या पानं लिहून ठेवलेली होती. उजेड फार, लपायला जागा मोठी, हवा कोरडी, कात टाकायची वेळ जवळ आली, उंदीर गार. मी एकेक तपासलं. डोळ्यांवर निळसर साय आली नव्हती, म्हणजे कात टाकायची नव्हती. लपायला मुलाने फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घातला होता, तो घट्ट बसत होता. मग पेटीच्या काचेवरचा तापमापक बघितला. पेटीखाली उबेचा पट्टा असतो, तो इन्व्हर्टरवर जोडलेला होता, वीज गेली तरी चालावा म्हणून. तरी ऊब हवी त्यापेक्षा कमी होती. भिंतीवरचं बटण बंद होतं.

मी सुरू केलं. दुपारी पाहिलं, परत बंद.

ताईला रिकाम्या खोलीतलं चालू बटण बघवत नाही. पंखा असो, दिवा असो, ती जाता जाता बंद करते. पण ती त्या खोलीच्या दारातूनही जात नव्हती असं सगळ्यांना वाटत होतं, आणि तिच्या मनासारखं व्हायचं असेल तर अजगर जेवायला नको होता. मला बहिणीविषयी असं वाटणं आवडलं नाही. पण वाटलं. मी कागदावर मोठ्या अक्षरांत 'बंद करू नये' असं लिहून बटणावर चिकटवलं.

संध्याकाळी ताई म्हणाली, "माज्यासाठीच लिवलंस ना त्ये?"

"सगळ्यांसाठी आहे."

"घरात येवढी शिकल्याली मानसं, त्यांच्यासाठी येवढं मोठं अक्षर?"

त्यानंतर बटण कोणी बंद केलं नाही. अजगर तरी जेवला नाही. दिवाळी झाली, भात झोडायला ताई गावी गेली, आणि ती नसतानाही तो जेवला नाही. म्हणजे हे ताईचं काम नव्हतं.

मग मी सुनेकडे बघू लागलो. उंदीर तीच गरम करायची, स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन, कारण बायकोला ते बघवायचं नाही. दार लोटल्यावर आत काय होतं, कोणाला माहीत. तिला स्वतःलाच जायचं नसेल, आणि तसं तोंडाने म्हणता येत नसेल, तर हा मार्ग सोपा होता. एकदा तिने चिमटा उचलला तेव्हा मी मध्येच हात पुढे करून उंदराच्या तोंडाला बोट लावलं. चांगलं गरम होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, काय बघताय?" तिने विचारलं. मी म्हणालो, वाचलं होतं, गरम लागतं म्हणून. ती म्हणाली, "मला माहीत आहे ते." तिचं बोलणं शांत होतं, पण पुढे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मधूनमधून मला अजगराचाच संशय यायचा. त्याला पापण्या नसतात. तो झोपलाय की आपल्याला बघतोय, हे कळायला वाव नाही. माठाखालून त्याचं तोंड तेवढं बाहेर असायचं आणि मी पेटीपुढे खुर्ची घेऊन बसायचो. दीड-दोन महिने काही न खाता तो जराही वाळला नव्हता. म्हणून असंही वाटलं की याला कोणीतरी चोरून खायला घालतंय. पुढे वाचलं की तसं काही नाही. त्याचा देह इतका संथ चालतो की महिनोन्‌महिने उपाशी राहिला तरी वजन फारसं घटत नाही. वाचल्यावर पटलं. पण पटल्यावरही मी फ्रीझर उघडून उंदीर बघून आलो.

आणि मग भुसा. पेटीत खाली नारळाच्या सोडणाचा भुसा पसरलेला असतो. त्याचे कण मला एका संध्याकाळी बायकोच्या अंथरुणावर दिसले. आमच्या घरात सोडणाचा भुसा दिसणं म्हणजे काहीच नाही. मागे वाडी, अंगणात नारळ सोललेले, कपड्यांना चिकटून तो घरभर येतो. मी झटकून टाकणार होतो. पण बोटांना ते ओले लागले. अंगणातला भुसा कोरडा आणि तांबूस असतो. पेटीतल्यावर सून रोज पाण्याचा फवारा मारते, तो ओला आणि काळपट. त्या दिवशी अजगराला खायला द्यायचा दिवस होता. पुढच्या वेळी मी मुद्दाम बघितलं. ते कण त्या दिवशीही होते, तिच्या निऱ्यांवर, आणि मधल्या दिवसांत नव्हते.

त्याच्या पुढच्या खेपेला सून लॅबमध्ये गेल्यावर मी बायकोला सांगितलं की श्रीवर्धनला पुस्तकं बदलून येतो. थांब्यापर्यंत गेलो, एक गाडी जाऊ दिली, आणि मागच्या वाडीतून घरी आलो.

ती बाजूच्या खोलीत जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, पाय पसरून. मांडीवर अजगराचा गोळा झालेला होता, त्यावर तिने पदर घातला होता, आणि पदरावरून ती हळूहळू थोपटत होती. मी दारात उभा आहे हे तिने बघितलं. थोपटणं थांबवलं नाही.

"पुस्तकं?" ती म्हणाली.

"नेली नाहीत." मी खाली बसलो. "तू प्रत्येक वेळी काढतेस त्याला?"

"हो."

"खायच्या दिवशीच?"

"बाकीच्या दिवशी कशाला काढू."

"तुला माहीत आहे ना, मग तो खात नाही."

"त्यानेच सांगितलं होतं मला. किती वेळा सांगितलं होतं." तिने पदर सारखा केला. "आधी भीती वाटली. गार असतो हो हाताला. पण थोड्या वेळाने आपल्याच उबेने गरम होतो."

मी म्हणालो, "पोरीने शब्द दिलाय. तिचं सगळं अडून राहिलंय याच्यावर."

"ठाऊक आहे."

"तुलाही ती जायला नको आहे का?"

"तिचं काही नाही त्यात. तिने खुशाल जावं." पदराखाली काहीतरी हललं, तिने हात तसाच ठेवला. "तिथे तो कावळा कसा आला बघितलंत ना तुम्ही? माणसं मागे सरायच्या आत. मी विचारणार होते, तुला काय हवंय, काय राहिलं, आई करेल. तोंड उघडायच्या आत गेला. आता हा खात नाही, तोवर त्याचं काहीतरी राहिलेलं आहे. याने खाल्लं की मग काय राहिलं?"

असा काही संबंध नसतो, हे मला सांगता आलं असतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

"तिला सांगशील?" मी विचारलं.

"काय सांगू? तुझ्या नवऱ्याला मी धरून ठेवलंय म्हणून?"

मग तिने उठून त्याला पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि हात धुवायला गेली. त्यानंतर तिने त्याला बाहेर काढलं नाही, असं ती म्हणाली. मी तिच्यावर विश्वास ठेवला आणि तरी खायच्या दिवशी घर सोडलं नाही. तिने एकदा विचारलंही, "राखण करताय का?" मी वर्तमानपत्र पुढे धरलं.

पण तोवर थंडी पडली होती. सुनेने उंदीर पुढे धरला की तो माठाखालून अर्धा बाहेर यायचा, जीभ चारदा हलवायचा, आणि आला तसा मागे जायचा. दोनदा असं झाल्यावर तिने चिमटा खाली ठेवला. "आता नाही खायचा, बाबा. थंडीत तो असाच असतो. दरवर्षी. फाल्गुनात सुरू करेल. मला वाटलं होतं थंडीच्या आधी तरी खाईल. आश्विनात तो कधी असा करत नाही, यंदाच काय झालं कळत नाही."

बायको माजघरात होती. तिने हे ऐकलं असणार.

"मग ताईला तसं सांग," मी म्हणालो.

"सांगितलं फोनवर. म्हणाल्या, दरवर्षी घरातलं माणूस जात नव्हतं."

"मग सोड तो शब्द. मी बोलतो तिच्याशी."

"आत्यांना नाही दिलेला मी तो. त्याच्या फोटोपुढे दिलाय." ती उंदराची पिशवी बांधत होती. "एकदा मुदत वाढवून घेतली. परत नाही देणार म्हणाले. सोमवारी गेले नाही तर दुसरी मुलगी घेतील. घेऊ देत. श्रीवर्धनची लॅब आहेच." आणि दिवा घालवून ती बाहेर गेली. मी त्या खोलीत तसाच बसून राहिलो. मुलगा असताना दोघं अलिबागच्या भाड्याच्या खोल्यांचे फोटो बघत बसायची, त्यात अजगराची पेटी कुठे ठेवायची यावरून भांडायची.

शनिवारी ताई आली, नवे पोहे आणि तांदूळ घेऊन. रविवारी सकाळी आम्ही सगळे चहाला बसलो होतो. बायको मागून आली, पदराला हात पुसत.

"खाल्लं त्याने," ती म्हणाली.

"कोनी?" ताईने विचारलं.

"त्याने. काल संध्याकाळी मी ठेवला होता आत, तसाच, माठाच्या तोंडाशी. काही जण माणसांसमोर खात नाहीत म्हणतात. सकाळी बघते तर नाही."

हे खरं आहे. काही अजगर तसे असतात, मी वाचलं होतं. आमचा तसा नव्हता. मुलगा समोर बसायचा आणि हा खायचा. आणि बायकोने आजवर कधी उंदराला हात लावला नव्हता. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या हातांना फिनेलचा वास येत होता.

सून कप ठेवून उठली. मी तिच्या मागे गेलो. तिने झाकण सरकवलं आणि माठ उचलला. अजगर वेटोळं घालून होता, कडेपासून कडेपर्यंत सारखा, कुठे फुगवटा नाही. जेवल्यावर तो ज्या उबेच्या बाजूला जाऊन पडायचा, तिथेही तो नव्हता. माझ्यासारख्या वाचलेल्या माणसाला जे दिसलं, ते तिला माझ्या आधी दिसलं असणार. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने माठ परत हळूच ठेवला, वळली, आणि दारात उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मी मध्ये होतो, मला बाजूला व्हावंसं वाटलं.

"हो आई," सून म्हणाली. "खाल्लंय."

"बगू," ताई मागून म्हणाली. आमच्यादेखत ती त्या खोलीत कधी आली नव्हती. उंबऱ्यावर थबकली, मग आत आली, पदर नाकाला लावून काचेशी वाकली. सुनेने माठ पुन्हा उचलला.

"येवढा उंदीर गिळला तर प्वाट कुठं दिसतंय?"

सुनेने माठ परत ठेवला.

"मी आपली अडानी," ताई म्हणाली, "पन आमच्याकडं जनावर कोंबडीचं पिल्लू गिळतं तवा लांबनं दिसतं." ती माझ्याकडे वळली. "अरे, तू वाचतोस ना रोज ह्याच्यावर? तू सांग. जेवला का ह्यो?"

आयुष्यभर लोकांनी मला विचारलं आणि मी पुस्तक काढून, पान उघडून दाखवलं. ठाऊक नसेल तर नाही म्हणून सांगितलं. सुनेचा हात माठावर होता. बायको माझ्याकडे बघत नव्हती, ती भिंतीवरच्या बटणाकडे बघत होती.

"लहान उंदीर होता, ताई," मी म्हणालो. "एवढ्याने दिसत नाही."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग बायकोकडे, मग सुनेकडे. तिने पदर नाकावरून काढला.

"जेवला म्हंजे जेवला," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

सून दुपारच्या गाडीने निघाली. अजगर आमच्याकडेच राहणार होता. तिकडची खोली बघून मग ती त्याला नेणार होती, फाल्गुनाच्या सुमाराला. ताईने पोह्यांची पिशवी आपल्या हाताने तिच्या बॅगेत कोंबली, चेन लागेना तर गुडघा टेकवून लावली. सून पाया पडली तेव्हा ती तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तिकडं गेलीस की फोन करायचा. मला करायचा. ह्या दोगांना न्हाय. ही दोगं काय बी सांगत्यात."